अकरावा छर्रा

मडावी काका 'एक' कधी म्हणत नसत. मोजायला सुरुवात करायची तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. आमच्या भागातले जुने मापारी धान्य मोजताना, कापूस तोलताना असंच म्हणत. पहिलं माप लाभाचं. पण बाकीच्यांचा लाभ काट्यापुरता. काट्यावरून उठले की तेही तुमच्या-माझ्यासारखे एक-दोन म्हणायचे. काकांचं तसं नव्हतं. ताटातल्या भाकरी मोजत तरी लाभ, दवाखान्यातल्या गोळ्या मोजत तरी लाभ. नवीन माणसानं विचारलं, काका लेकरं किती, तर बोट वर करून म्हणत, "लाभ." उमरखेडला दिलेली त्यांची एकुलती मुलगी या उत्तरावर दरवेळी चिडायची, असं काकू सांगत.

हे सगळं मी कोइमतूरला बसून लिहिते आहे. माझी शाळा नववीत सुटली. इथं मराठी बोलायला कोणी नाही, लिहायला कारण नाही. वाक्य जमतं आहे की नाही याची धास्ती आहेच, पण ती धास्ती लहान आहे. मोठी वेगळीच आहे, ती पुढं येईल. आधी काका कसे होते ते नीट सांगू द्या. ते नीट सांगितलं नाही तर मी काय केलं तेही नीट कळणार नाही.

दिग्रसजवळच्या एका जिनिंगमधे ते मापारी होते आणि मी कापूस निवडायला होते. कवडी, पत्ती, काडी वेचून वेगळी करायची, दिवसभर नाकाला फडकं बांधायचं. आम्हा निवडणाऱ्या बायांना काटा लांबूनच दिसायचा. पण शेतकरी गाडी घेऊन आत आला की काय विचारायचा ते ऐकू यायचं. "काट्यावर मडावी हायेत का?" असले की तो बिडी पेटवून निंबाखाली बसायचा. नसले की स्वतः काट्याला चिकटून उभा राहायचा. माणसाबद्दल याहून जास्त काही बोलावं लागत नाही.

एकदा एका अडत्यानं गप्पा मारता मारता काट्याच्या फळीवर पायाचा अंगठा टेकवला. अगदी सहज टेकवल्यासारखा. काकांनी तोलणं थांबवलं. त्यांच्या काखेत बारदान्याचा एक तुकडा कायम असायचा. तो अंथरून ते खाली बसले आणि अडकित्ता काढून सुपारी कातरू लागले. मागं गाड्यांची रांग लागली, बैल बसले, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवू लागले. मॅनेजर गावंडे साहेब ऑफिसातून धावत आले. काय झालं मापारी, तोल का थांबला? काका सुपारीवरून नजर न काढता म्हणाले, "तोल चालूच हाय साहेब. ह्या दादाचा अंगठा चढवलाय. त्याचा काटा अजून थिरावला नाई."

अडत्यानं अंगठा काढला. त्यानंतर तो काका दिसले की चप्पल लांब काढूनच काट्याजवळ यायचा, आणि आम्ही बाया फडक्याआड हसायचो.

तो बारदान्याचा तुकडा म्हणजे काकांचं अर्धं शरीर. लग्नात पंगतीला त्यावर बसत, बसस्थानकावर त्यावर झोपत. दुसरी एक खोड म्हणजे डगमगणारी वस्तू त्यांना सहन होत नसे. चहाच्या हॉटेलात टेबल हललं की ते चहा सोडून टेबलाखाली जात, बाटलीचं बूच किंवा कागदाची घडी पायाखाली सरकवत आणि बोटानं टेबल दाबून बघत. हॉटेलवाला म्हणायचा, मापारी, तुमच्याकडून चहाचे पैसे घेऊ का सुताराचे देऊ? पण दिग्रसच्या त्या हॉटेलात एकही टेबल हलत नसे, हेही खरं.

आता बंदूक. जिनिंगच्या टिनांवर माकडं फार. एका उन्हाळ्यात त्यांनी ताडपत्र्या फाडल्या तेव्हा शेठनं एक छर्ऱ्याची बंदूक आणून काकांच्या हातात दिली, माकडं हाकला म्हणून. काकांनी माकडावर ती एकदाही रोखली नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याला तोलून घ्यायचं नाही त्याच्यावर नेम कशाला. पण वस्तू हातात आली की ती किती अचूक आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रिकाम्या टिनाच्या शेडमधे त्यांनी एका टोकाला सरकीची पोती रचली, त्यावर मधे काळा गोल असलेलं कार्ड लावलं, पंचवीस मीटर दोरीनं मोजले, आणि दुसऱ्या टोकाला बारदाना अंथरून पालथे झोपले. मोडीत निघालेल्या जुन्या तराजूच्या दांडीतून त्यांनी बंदुकीला दोन पायांचा टेकू करून घेतला. टेकूच्या पायांना सायकलच्या ब्रेकचं रबर. इथं आम्ही त्याला बायपॉड म्हणतो. तिथं सगळे घोडी म्हणायचे.

पुढं शेठला गंमत वाटली, त्यानं आणखी तीन बंदुका आणल्या, गावातली पाच-सात पोरं-पोरी रविवारी येऊ लागली. शेडची किल्ली काकांच्या करगोट्याला. गावंडे साहेबांनीच ती दिली होती. बंदुकीचं काम आहे, म्हणाले, गिनतीचा पक्का माणूस पाहिजे.

मी गेले ती जेवणाच्या सुटीत, नुसती सावलीला. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एक्केचाळीस किलो. जेवत जा वो." मग म्हणाले, झोप पालथी. मला वाटलं बंदूक धरायला शिकवतील. त्यांनी बंदूक धरू दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. श्वास सोड. आता डोळे उघड. बंदुकीवरच्या दुर्बिणीत काय दिसते?

मी म्हटलं, पोतं दिसतं, कार्ड नाही.

"म्हनजे तुह्यं आंग पोत्यावर झोपलं हाय आन् तू हातानं बंदूक कार्डाकडं ओढून राह्यली. ओढलेलं ठरत नाई. आंग सरकव."

मी कंबर सरकवली. पुन्हा डोळे मिटले, उघडले. पोतं. पुन्हा सरकवली. त्या दिवशी माझी अख्खी सुटी डोळे मिटण्या-उघडण्यात गेली आणि एकही छर्रा उडाला नाही. शेवटी एकदा डोळे उघडले आणि काळा गोल दुर्बिणीच्या मधोमध, मी काही न करता, आपणहून बसलेला. मला काय झालं ते सांगता येत नाही. नववीनंतर कुठलीच गोष्ट माझ्यासमोर अशी आपणहून येऊन बसली नव्हती.

त्यांची शिकवणी सगळी घोडीभोवती. लोकांना वाटतं टेकू मिळाला की बंदूक स्थिर झाली, आता नुसतं बोट दाबायचं. काका म्हणत, टेकू खोटं बोलतो. तू त्याला कसं धरतेस तसं तो सांगतो. घोडीचे पाय जमिनीवर ठेवून खांद्यानं बंदूक किंचित पुढं रेटायची, इतकीच की पायांतली ढिलाई निघून जावी. "घोडीले रेट, हाकलू नको." आणि हा रेटा पहिल्या छर्ऱ्याला जेवढा तेवढाच दहाव्याला. एकदा जास्त, एकदा कमी झाला की भोकं वर-खाली पांगतात. माझी अडचण तीच. मन घाबरलं की माझा खांदा मागं यायचा. काका कार्ड उन्हाला धरत आणि भोकं बघून सांगत, या छर्ऱ्याला तुला कोणी हाक मारली होती, या छर्ऱ्याला तुला घरची आठवण आली. मी म्हणायचे, काका, हे कार्ड आहे की कुंडली? पण आईचा दमा वाढलेला असायचा त्या आठवड्यात भोकं खरंच पांगलेली असायची.

दुसरी शिकवण बारदान्याची. स्प्रिंगची बंदूक सुटताना दचकते. घोडीचे पाय कडक जागेवर असले, फरशीवर, टाईलवर, तर ते दचकणं परत बंदुकीत जातं, घोडी उसळते आणि छर्रा वर जातो. म्हणून खाली मऊ काहीतरी पाहिजे, आणि दरवेळी तेच पाहिजे. मला त्यांनी त्यांच्या तुकड्यातला अर्धा कापून दिला होता.

तिसरी: घोडी उचलली की आधी नंबर वाच. दुर्बिणीतून फक्त काळा गोल दिसतो, तो कोणाच्याही कार्डाचा असू शकतो. उचलून ठेवली तर मान वर करायची, आपल्या कार्डावरचा आकडा डोळ्यांनी वाचायचा, मगच गाल टेकायचा. आणि एवढं करूनही छर्रा शेजाऱ्याच्या कार्डावर गेलाच तर ताबडतोब हात वर. "लाज मिनिटाची असते," ते म्हणत. "हात खाली राह्यला तं लांबते."

झाकण राहिलंच. बामच्या डबीचं एक पत्र्याचं झाकण त्यांच्याजवळ होतं. बंदूक झाडायला झोपण्याआधी ते त्यात दहा छर्रे मोजून टाकत. लाभ, दोन, तीन, दहापर्यंत. बाकीच्या छर्ऱ्यांची डबी काकूंनी शिवलेल्या पिशवीत परत. झाकण रिकामं झालं की काम संपलं. मीही तसंच करायची. फक्त बाकीची डबी मी परत ठेवायची नाही, सलवारच्या खिशात ठेवायची. लागली तर असावी म्हणून. माझा स्वभावच तसा, सगळं लागलं तर असावं.

यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा होती. बंदूक टेकूवर ठेवून, पालथं झोपून, पंचवीस मीटर, बायका-पुरुष एकत्र. एका मंगल कार्यालयाच्या लांबलचक हॉलमधे. कोइमतूरला नेमबाजीची शाळा चालवणारे एक गृहस्थ तिथं येणार होते. त्यांना मदतनीस म्हणून एक मुलगी हवी होती, पहिल्या तिघांत आलेली. मार्कशीट मागणार नव्हते. हे ऐकल्यापासून मला झोप नव्हती. जिनिंगचा हंगाम संपला की आमचं काम संपायचं, आणि आईच्या दम्याच्या पंपाचा खर्च संपायचा नाही.

काका स्पर्धेत उतरणारच नव्हते. पासष्टीचा माणूस, त्यांना बिल्ला नको होता. मीच मागं लागले. तुम्ही बाजूला असलात तर माझा हात कापणार नाही, म्हटलं. ते म्हणाले, मी कायले वो त्या पोरापोरींत? पण नाव दिलं. ते माझ्यासाठी उतरले, हे विसरू नका. मी विसरू शकत नाही.

सकाळच्या बसनं गेलो. हॉलमधे वणीची, पुसदची मुलं-मुली होती, ट्रॅकसूट घातलेली, निळ्या रबरी मॅट घेऊन आलेली. मी माझ्या पिशवीत हात घातला, बारदान्याचा तुकडा हाताला लागला, त्याला सरकीचा वास येत होता. बाजूच्या मुलीनं पिशवीकडं पाहिलं. मी तो बाहेर काढला नाही. काकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, विसरले. ते आपला अर्धा देऊ लागले. मी म्हटलं, राहू द्या, जमेल.

माझं कार्ड चार नंबर, काकांचं पाच. घंटी झाली. बाजूनं काकांचा आवाज आला, तोंडातल्या तोंडात, "लाभ." मग त्यांचा छर्रा. मीही लाभ म्हटलं.

सहा छर्रे बरे गेले. पण टाईल गुळगुळीत. दर छर्ऱ्याला घोडी थोडी उसळायची, थोडी घसरायची. सहाव्यानंतर एक पाय सरकलाच. मी अख्खी बंदूक उचलली, नीट ठेवली, तळहात ओढणीला पुसला, गाल टेकला. काळा गोल मधोमध बसला. मी मान वर केली नाही. नंबर वाचला नाही. सातवा झाडला.

मग दुर्बिणीत बघितलं तर भोकं माझी नव्हती. माझी पांगलेली असतात. ही सगळी एका सुपारीखाली झाकली जातील इतकी जवळ होती, आणि त्यांच्यापासून वेगळं, वर उजवीकडं, एक नवं भोक.

मी मान वर केली. पाच नंबर.

हात वर करायचा असतो. तो छर्रा शून्य धरतात, वर दोन गुण कापतात, आणि तुम्ही खाली जाता. पहिल्या तिघांतून तर जाताच. मला हे सगळं एका क्षणात दिसलं. कोइमतूरचे गृहस्थ मागं खुर्चीवर बसलेले होते ते दिसलं. काका शेजारी गाल टेकून, श्वास सोडून डोळे मिटून पडले होते, पुढच्या छर्ऱ्याआधी मिटत तसे. झाडताना ते भोकं कधी बघत नसत, नुसता गोल. पंच दुसऱ्या टोकाला होते.

माझा हात खिशात गेला. डबी होती, लागली तर असावी म्हणून ठेवलेली. त्यातून एक छर्रा काढून झाकणात टाकला. घोडी माझ्या नंबरावर आणली. उरलेले चार झाडले. माझ्या कार्डावर दहा भोकं झाली. अकरा छर्रे झाडले होते, ते मला ठाऊक.

कार्डं टेबलावर गेली आणि पाच नंबरच्या कार्डावर अकरा निघाली.

पंच बाहेरगावचे होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी शेजारच्यांची कार्डं पाहिली. चारवर दहा, सहावर दहा. म्हणजे दुसऱ्या कोणाचा छर्रा नाही. त्यांनी काकांना विचारलं, काका, अकरा झाडले का? काकांनी झाकण दाखवलं. दहाच घेतले होते म्हणाले, मोजून. कसे मोजता, पंचांनी विचारलं. काकांनी टेबलावर बोट ठेवत दाखवलं, लाभ, दोन, तीन.

पंच म्हणाले, "लाभ म्हणजे देवाचं नाव घेतल्यासारखं ना? मोजणी त्याच्यानंतर. मग लाभ झाल्यावर कधी चुकून एकपासून सुरू केलं असेल तर अकरा होणारच."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. वणीचा एक जण म्हणाला, बाप्पा, म्हणजे तीस वर्षं जिनिंगचा कापूस असाच तोलला काय? गावंडे साहेबही आले होते आमच्यासोबत. तेही हसले, पण लगेच थांबले आणि काकांकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कार्ड उजेडाला धरलं. बराच वेळ त्या वरच्या भोकाकडं पाहिलं. हे माह्या हातचं वाटत नाई, असं एकदा म्हणाले. मग माझ्याकडं वळले.

"रंजे, तू बाजूलेच होती. मी किती झाडले वो?"

मी म्हटलं, "मी माझ्यात होते काका. मी नाही पाह्यलं."

इतकंच मी बोलले. यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

त्यांचा सगळ्यात चांगला छर्रा रद्द केला, दोन गुण कापले. ते कुठंच उरले नाहीत. मी दुसरी आले. आणि मग काकांनी जे केलं ते आठवलं की आजही माझं जेवण थांबतं. ते त्या कोइमतूरच्या गृहस्थांकडं गेले, हात जोडले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "लडकी गरीब है, लेकिन गिनती की पक्की है. मेरे जैसी नहीं."

पुढच्या आठवड्यात गावंडे साहेबांनी शेडची किल्ली परत मागितली. वाईट शब्द बोलले नाहीत. मापारी, वय झालं, बंदुकीचा मामला, कमी-जास्त झालं तर माझ्यावर येईल. काकांनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली दिली. किल्ली ज्याच्याकडं गेली त्याला वेळ नव्हता. रविवारी येणारी पोरं दोन-तीन वेळा येऊन कुलूप बघून गेली. शेडमधे आता रिकामा बारदाना भरला आहे म्हणतात.

मी निघाले तेव्हा काका दिग्रसच्या स्थानकावर सोडायला आले. त्यांनी त्यांची तराजूची घोडी कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, ही माह्याकडं पडून राहीन, तिकडं कामात येईन. बस सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. सांगायची ती वेळ होती. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिले.

इथं मला काही कमी नाही. राहायला खोली आहे, आईचा पंप वेळेवर जातो. मुलांना मी तेच शिकवते, डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. तमिळमधे सांगते, मोडकं. पहिल्या छर्ऱ्याला लाभ म्हणते आणि तीही पोरं लाभ म्हणतात, अर्थ न कळता. दर रविवारी मी काकांना फोन करायची. ते दरवेळी शेवटी विचारायचे, गिनती बरोबर ठेवते ना? मी हो म्हणायची. तीन वर्षं हो म्हणत होते.

गेल्या पोळ्याला घरी गेले. ठरवूनच गेले. काका ओट्यावर बसले होते, खाली बारदाना, बारीक झालेले. काकू आत चहा ठेवायला गेल्या आणि जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "आता हे दोन-दोन खेप मोजते बाप्पा सारं. भाकरीबी. म्हनते मले भरोसा नाई."

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, बारदाना पिशवीत ठेवला तिथपासून. खिशातल्या डबीपर्यंत. काकूंनी चहा आणला, तो तसाच राहिला. माझं संपलं तेव्हा काका हसत होते. लहान मुलाकडं बघून हसतात तसे.

"कायले वो रंजे," ते म्हणाले. "इतक्या दुरून आली आन् माह्यासाठी खोटं बोलून राह्यली."

मी शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ नको घेऊ. मग मी त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. ते भोक वर उजवीकडं होतं की नाही? तुमच्या घोडीखाली बारदाना होता, माझ्या घोडीखाली टाईल. टाईलवर घोडी उसळते आणि छर्रा वर जातो, हे मला कोणी शिकवलं?

काकांच्या कपाळाला आठी पडली, काट्याचा दांडा थिरावायची वाट बघताना पडायची तशी. मला वाटलं आता बसतंय. ते म्हणाले, "टाईलवर उसळते, हे बरोबर हाय."

मग मान हलवली. "पन तुह्या कार्डावर दहा होते. मी सोता पाह्यले. मानूस म्हातारा झाला की चुकते, त्यात काय? तू चांगली पोरगी हाय, म्हनून अंगावर घेते. नको घेऊ."

मी काकूंकडं पाहिलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं, आणि ते मला बघवलं नाही. त्या गार झालेला चहा उचलून आत घेऊन गेल्या, आणि दुसरा आणला नाही.

इकडं परत आल्यावर मी गावंडे साहेबांना पत्र लिहिलं, स्पर्धा भरवणाऱ्यांनाही लिहिलं. उत्तर नाही. कोणाला आता तीन वर्षांपूर्वीच्या कार्डाची पडली आहे? म्हणून हे लिहिते आहे. दिग्रसला, यवतमाळला, वणीला त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणी वाचलं तर त्यांनी एवढं धरून चालावं की मडावी मापाऱ्यांनी दहाच झाडले होते. अकरावा माझा. लाभ म्हणजे पहिला. त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी मी बससाठी उठले, पाया पडले. ते त्यांच्या गोंडी रीतीनं जय सेवा म्हणाले, जेवत जा म्हणाले. गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. काकांनी बामच्या डबीचं झाकण बाहेर आणलं होतं. समोर बारदान्यावर जुने छर्रे ओतले होते. ते एकेक उचलून झाकणात टाकत होते, माझं म्हणणं तपासून बघत असावेत. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं, पत्र्यावर छर्रा पडल्याचा आवाज मला ऐकू येत होता आणि त्यांचाही. दहा झाले. त्यांनी झाकण पालथं केलं आणि पुन्हा पहिला छर्रा उचलला. मी श्वास सोडून उभी होते. म्हटलं, या वेळी लाभ म्हणतील.

त्यांनी छर्रा झाकणात टाकला आणि म्हणाले, "एक."